दमण ते दादरा : सुरत जिल्ह्यातून जाणारी पोर्तुगीज वाट

हक्क की सवलत? दमणहून दादरा-नगर हवेलीला जायला 1954 पर्यंत भारताचा मुलूख ओलांडावा लागे. तो मुलूख तेव्हाच्या मुंबई राज्यातील सुरत जिल्ह्याचा. दोन्ही टोके पोर्तुगालची. पोर्तुगालने आधार दाखवला पेशव्यांशी झालेल्या 1779 च्या तहाचा. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 12 एप्रिल 1960 च्या निकालात तो स्वीकारला नाही: मराठ्यांनी दिला तो गावांचा महसूल, सार्वभौमत्व नव्हे. तरीही पोर्तुगालला काहीच हक्क नव्हता, असे मात्र निकाल म्हणत नाही. सव्वाशे वर्षांहून जुन्या वहिवाटीने खासगी प्रवासी, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण मालाला वाट मोकळी होती, म्हणून तेवढा हक्क मान्य झाला. सशस्त्र फौज, पोलीस आणि शस्त्रे परवानगीनेच जात, म्हणून त्यांचा हक्क नाकारला गेला.

मग जुलै 1954 मध्ये भारताने वाट अडवली, हा हक्कभंग नव्हता का? न्यायालयाचे उत्तर नकारार्थी होते. मान्य झालेला हक्कही भारताच्या नियंत्रणाखालचा होता, आणि दादरा पोर्तुगीजांच्या हातून गेल्यावर सीमेवर तणाव होता. 2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा मुक्त झाले. दादरा-नगर हवेली 1961 मध्ये भारतात विलीन झाली.