माशाचा वंश आणि किरणोत्सार

कोल्हारच्या बाजारात रोहू, कटला किंवा चंदेरा घेताना आपण कल्ले लाल आहेत का, डोळा चकचकीत आहे का, हे पाहतो. मासा ताजा की शिळा, ते त्यावरून कळते. त्याची वीण पुढे चालली असती की नाही, हे मात्र कळत नाही. किरणोत्साराचा माशांवर होणारा परिणाम असाच बाहेरून न दिसणारा असतो.

किरणोत्साराचा घाव पेशीतील गुणसूत्रांवर बसतो. भराभर विभागणाऱ्या पेशींना तो अधिक सोसावा लागतो. नराच्या वृषणात शुक्रपेशी घडवणाऱ्या पेशी अशाच असतात. त्यामुळे ज्या मात्रेने मासा मरत नाही, खातो-पोहतो, त्या मात्रेनेही त्याची वृषणे रिकामी होऊ शकतात. थोड्या मूळपेशी वाचल्या तर काही काळाने शुक्रपेशी पुन्हा तयार होतात. सगळ्याच मेल्या तर नर कायमचा वांझ होतो.

मादीचे थोडे वेगळे. मुलीला अंडपेशींचा साठा जन्मतःच मिळालेला असतो. अनेक माशांच्या अंडाशयात मात्र नवी अंडी घडत राहतात. त्यामुळे एका हंगामात गाभोळी बिघडली तरी पुढे ती पुन्हा भरू शकते.

दुसरा घाव छुपा असतो. शुक्रपेशी जगते, अंडे फळते, पण बिघडलेले गुणसूत्र पिलात उतरते. जपानी संशोधकांनी भातखाचरांतील मेडाका या चिमुकल्या माशावर असे प्रयोग केले. बिघाड उतरलेली बहुतेक पिले अंड्यातच मेल्याचे त्यांना दिसले.

एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. तिच्या शीतकरणाच्या तलावात आपल्या शेततळ्यांत असतो तोच चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, होता. पुढील वर्षांच्या पाहणीत हे मासे जिवंत होते, वाढतही होते; मात्र काहींची वृषणे व अंडाशये बिघडलेली होती आणि काही वांझ निघाले.

आपल्याकडे १९६९ पासून तारापूरला अणुवीज तयार होते. तेथील परिसरातील मासळीचे नमुने किरणोत्सारासाठी तपासले जातात. ही तपासणी मुख्यतः खाणाऱ्याच्या काळजीपोटी असते. माशाच्या वंशाचा प्रश्न वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या १९९२ च्या अहवालानुसार दिवसाला १० मिलिग्रेपर्यंतच्या मात्रेने जलचरांच्या एकूण संख्येला धोका संभवत नाही. नेहमीच्या परिस्थितीत पाण्यातील मात्रा याहून फारच कमी असते. म्हणून भिण्याचे कारण नाही. पण अपघात झालाच, तर पाण्यात मासे पोहताना दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. त्यांची गाभोळीही तपासावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)