धसका, ब्रेक आणि उजवा पाय

बिडकीनहून संभाजीनगरला निघालो की माझा मावसभाऊ गाडीवर मागे बसतो. आधी तोच चालवायचा. दोन वर्षांपूर्वी पैठण रोडवर एका टेम्पोनं त्याला उडवलं. हाड जुळलं, टाके निघाले, कागदोपत्री गडी ठणठणीत झाला. पण समोरून ट्रक आला की मागे बसल्या बसल्या त्याचा उजवा पाय फूटरेस्टवर कचकन दाबला जातो. ब्रेक मारतो तो. त्याला स्वतःला हे माहीतच नव्हतं. गाडीला हिसका बसला म्हणून मी एकदा मान वळवली, तेव्हा दिसलं.

रात्री छातीत धडधड, हाताला घाम, झोप नाही. ईसीजी काढला तर नॉर्मल. तेव्हापासून घरात निदानांचा बाजार भरलाय. कुणी म्हणतं नाटकं करतो, कुणी म्हणतं बाहेरचं आहे. मोबाइलवर व्हिडिओ पाहणाऱ्या पुतण्याच्या मते ‘ट्रॉमा स्नायूंत साठलाय, मसाज करून काढायला पाहिजे’. मावशी एवढंच म्हणते, “धसका घेतलाय पोरानं.” माझ्या मते सगळ्यांत जवळ तीच पोचली.

कारण आपली भाषा हे फार आधीपासून ओळखून आहे. भीती वाटली की आपल्या पोटात गोळा येतो, काळजात धस्स होतं, हातपाय गळतात, तोंडचं पाणी पळतं. यातलं काहीही नुसत्या मनात घडत नाही.

ईसीजी नॉर्मल म्हणजे काही झालंच नाही, हा पहिला गैरसमज. ईसीजी हृदयाचं काम तपासतो, आणि हृदय चांगलंच आहे. बिघाड धोक्याच्या घंटेत आहे. संकट दिसलं की मेंदूतला ॲमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग विचार पूर्ण व्हायच्या आत घंटा वाजवतो. ॲड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, स्नायू ताठतात. संकट टळलं की हे ओसरायला हवं. काहींच्या बाबतीत घंटा वाजतच राहते, किंवा नुसत्या हॉर्ननं पुन्हा वाजते. अपघात मागे पडला हे डोक्याला कळलेलं असतं, पायाला नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मोठा आघात झाला की माणूस कायमचा मोडतोच, असं मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांवर आयुष्यात कधी तरी असा प्रसंग येतो. त्यातल्या ५.६ टक्क्यांनाच पुढे आघातोत्तर तणावाचा विकार, म्हणजे पीटीएसडी, जडतो. मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं किल्लारी हादरली आणि हजारो माणसं गेली. भांडं वाजलं तरी दचकणारी, छताखाली झोपायला धजत नसलेली कितीतरी माणसं पुढे हळूहळू शेतीला, संसाराला लागली. काहींच्या मनातून मात्र ती पहाट गेली नाही. मदत लागते ती त्यांना, आणि मदत लागते म्हणून ती माणसं कमकुवत ठरत नाहीत.

आता पुतण्याच्या मसाजकडे. ‘शरीर हिशोब ठेवतं’ अशा अर्थाचं नाव असलेलं बेसेल व्हॅन डर कोल्क यांचं पुस्तक २०१४ मध्ये आलं आणि त्याचा भलताच अर्थ पसरला. खांद्याच्या स्नायूत अपघाताची गाठ बसलेली नसते, की दाबली आणि निघाली. चुकीचं शिकलेली असते ती मेंदू आणि शरीर यांच्यातली ये-जा. मसाजनं बरं वाटतं, ते वाटू द्यावं. पण तो या आजारावरचा उपचार नव्हे. शरीराच्या वाटेनं जाणाऱ्या उपचारात स्पर्श लागतोच असंही नाही. लागला तरी आधी विचारून, आणि नको म्हटलं की थांबून. जो विचारत नाही, त्याच्याकडून उठून यावं.

मग करतात काय? भाऊ शहरात एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जायला लागला, तेव्हा पहिल्या दिवशी मी सोबत होतो. त्यांनी अपघाताचं नावच काढलं नाही. खोलीत काय काय दिसतं ते सांग, म्हणाल्या. पंखा, कॅलेंडर, हिरवी खुर्ची. मग पाय जमिनीला टेकलेत का, टाच जाणवते का. नंतर अपघाताच्या आधीचा फक्त टपरीवरचा चहा आठवायला लावला. लगेच त्याचा श्वास वर चढला. बाई तिथंच थांबल्या, पुन्हा हिरवी खुर्ची. असं थोडं आत, थोडं बाहेर, झोक्यासारखं. काही आठवड्यांनी त्यांनी त्याला भिंतीशी पाय लावून ब्रेक सावकाश, पूर्ण दाबायला लावला. त्या दिवशी मारायचा राहिलेला.

ही पद्धत अमेरिकेतल्या पीटर लेव्हिन यांनी मांडली. तिला ‘सोमॅटिक एक्सपीरियन्सिंग’ म्हणतात. ती जादू आहे असं सांगणारे पुष्कळ भेटतील. पुरावा आहे, पण बेताचा. २०१७ मध्ये इस्रायलमधला ६३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात १५ सत्रांनी फरक पडला. तेवढ्यावरून ढोल वाजवायचं कारण नाही. पीटीएसडीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये शिफारस केली ती आघातावर केंद्रित बोलण्याच्या उपचाराची आणि डोळ्यांच्या हालचाली वापरणाऱ्या ईएमडीआरची. तेव्हा शरीराची वाट जोडीला घ्यावी. तिच्या नादानं चालू गोळ्या मनानं बंद करू नयेत.

‘एकदाचं सगळं सांगून टाक, रडून घे, मोकळा होशील’ हा सल्ला मायेपोटीच दिला जातो. पण घटनेनंतर लगेच माणसाला बसवून सगळं वदवून घेतल्यानं पुढचा आजार टळत नाही. ज्याला सांगायचंय त्याचं ऐकावं, उकरू मात्र नये.

आणि योगानं कुणाचं वाईट होत नाही, हेही पूर्ण खरं नाही. व्हॅन डर कोल्क यांच्याच २०१४ च्या अभ्यासात जुना पीटीएसडी असलेल्या ६४ स्त्रिया होत्या. दहा आठवड्यांनी योग करणाऱ्यांपैकी निम्म्या जणी निदानाच्या कक्षेबाहेर आल्या, नुसत्या आरोग्यवर्गाला बसणाऱ्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा. पण तो योग सावध होता, जमेल तेवढाच. डोळे मिटून शवासनात पडलं की काहींना नेमका तोच प्रसंग दिसतो. अशांनी डोळे उघडे ठेवावेत, बसून राहावं, श्वास जरा लांब सोडावा. श्वास सोडताना ठोके मंदावतात, हे नाडीवर बोट ठेवून कुणालाही पाहता येईल.

बाहेरच्याबद्दल थोडक्यात. उतारा टाकून कुणाला धीर आला तर मी भांडत नाही. पण भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, साखळीनं बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्यातून जुन्या धसक्यावर नवा धसका बसतो, तो वेगळाच.

शहर गाठणं जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. जाताना केसपेपरबरोबर झोपेचं, दचकण्याचं चार ओळींत लिहून न्यावं. ओपीडीच्या गर्दीत आठवत नाही.

परवा पुन्हा त्याच रस्त्यानं निघालो. वळणावर उसाचा ट्रॅक्टर आला आणि मागे पाय दाबला गेलाच. पण या वेळी मला मान वळवावी लागली नाही. “मारला बघ ब्रेक,” तोच म्हणाला, आणि पुढच्या टपरीवर गाडी घ्यायला लावली.