हिशेब आपल्या हातात हवा!

भीमजयंतीचा जमाखर्च आपल्या वस्तीत कसा लिहिला जातो हे ज्याने पाहिले आहे, त्याला 'आपल्या माणसांना हिशेब जमत नाही' हे ऐकून हसूच येईल. अकरा रुपयांच्या वर्गणीचीही पावती फाटते, मंडपवाल्याला दिलेला ॲडव्हान्स वेगळा दाखविला जातो आणि आठ दिवसांत सारा हिशेब विहाराच्या फलकावर लागतो. एक रुपया कमी पडला तर खजिनदाराला चारचौघांत उत्तर द्यावे लागते. मग हाच खजिनदार स्वतःच्या धंद्यात गल्ल्यातले पैसे खिशात आणि खिशातले गल्ल्यात का टाकतो?

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचे वर्कशॉप चालविणारे एक समाजबांधव माझ्या परिचयाचे आहेत. हातात कसब आहे, कामगारांचा पगार कधी चुकला नाही. एका मोठ्या कारखान्याला त्यांनी सहा खेपांत लोखंडी रॅक दिले. पैसे मागायला गेल्यावर तिथल्या बाबूने विचारले, "माल कोणत्या तारखेला दिला? चलन दाखवा." यांच्या खिशातल्या डायरीत लिहिले होते, 'रॅक पाठविले, पैसे बाकी'. ना तारीख, ना बिल नंबर. दोन खेपांचे पैसे बुडाले ते बुडालेच!

इथे कायदा आपल्या बाजूने होता, हे अधिक दुःखद आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योजकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी माल देण्याआधीच करून ठेवावी. ती विनामूल्य आहे, त्यासाठी एजंटाला पैसे मोजू नका. परंतु दिवस मोजायचे कुठून? तारखेपासून! तारीखच नसेल तर कायदा काय करणार?

हीच गत राखीव खरेदीची. २०१२ च्या केंद्राच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योजकांकडून वार्षिक खरेदीच्या ४ टक्के खरेदी करण्याची तरतूद आहे. ही टक्केवारी आपण भाषणात नेहमी सांगतो. पण टेंडर भरताना उलाढाल आणि ताळेबंद मागितला की आपला माणूस मागच्या दाराने बाहेर पडतो. जागा भरली नाही याचा दोष व्यवस्थेकडे जातोच, आणि तो जायलाही हवा. पण कागद तयार ठेवणे तर आपल्या हातात आहे ना?

कागद तयार ठेवण्यासाठी आज कॉम्प्युटर आहे. बाजारात टॅली सर्वांत परिचित. त्याची शैक्षणिक आवृत्ती परवान्याशिवाय चालते. तीत महिन्याच्या ठरावीक तारखांच्याच नोंदी घेता येतात, पण शिकायला तेवढे पुरे. पैसे खर्चायचे नसतील तर जीएनयूकॅश मोफत मिळते. मात्र त्यात जीएसटीची बिले आपोआप निघत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. दोन्ही जमत नसतील तर वही चालेल. सॉफ्टवेअर म्हणजे जादू नव्हे. कच्ची नोंद कच्चीच राहते.

खरा धोका वेगळाच आहे. पुष्कळांचे सारे हिशेब 'अकाउंटंट साहेबां'च्या कॉम्प्युटरवर असतात, जीएसटीचा पासवर्ड त्यांच्याकडे आणि ओटीपीही त्यांच्याच मोबाईलवर. साहेबांशी बिनसले की धंदा अडला! एक रुपयाचाही व्यवहार नसताना विवरणपत्र उशिरा गेले तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क लागते, आणि ते साहेब भरत नाहीत. नोंदणीत मोबाईल नंबर स्वतःचाच द्या. डेटाची प्रत दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह दुकानात नव्हे, घरी ठेवा.

घर आणि धंदा यांचे बँक खाते वेगळे करा, स्वतःला महिन्याचा पगार ठरवून घ्या. घरच्यांची थोडी कुरकुर होईल. पण मुलीची फी भरल्यामुळे वेल्डिंग रॉडला पैसे उरले नाहीत, की धंदाच तोट्यात आहे, हे त्याशिवाय कळत नाही. रोज रात्री शटर ओढण्यापूर्वी पंधरा मिनिटे नोंदींना, आणि शनिवारी येणे बाकी किती दिवसांचे आहे त्याची यादी. एवढा वेळ कोणालाही काढता येतो.

हिंगण्याच्या आपल्या बांधवांची मुलगी बी.कॉम. करते. आता शनिवारची यादी तीच काढते. गेल्या महिन्यात त्यांनी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला पहिल्यांदा पत्र पाठविले. त्यात चार बिलांचे नंबर, तारखा आणि मुदत कधी संपली हे लिहिले होते. तीन बिलांचे पैसे आले. चौथ्यासाठी अर्ज तयार आहे.