दिंडीदरवाजा

चिकोडी तालुक्यातील शेतकऱ्याच्या जमिनीचा जो उतारा पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याच्या दप्तरात वास्तव्य करून होता, तो कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ योजनेने २००१च्या सुमारास १७७ तालुक्यांतील सुमारे २ कोटी उताऱ्यांसह संगणकात नेला, आणि तेव्हापासून कचेरीपुढे ताटकळणाऱ्या रयतेचे दैव कारकुनाच्या मर्जीइतकेच यंत्राच्या प्रकृतीशीही निगडित झाले.

ही प्रकृती बिघडली की मोठा पेच पडतो, कारण दूरच्या तज्ज्ञाने यंत्रापाशी ज्या जाळ्यातून पोहोचावयाचे तेच जाळे पुष्कळदा तुटलेले असते. वाड्याचा महादरवाजा बंद असता वाकून आत शिरण्यासाठी दिंडी असे. संगणकाची ती दिंडी म्हणजे सिरियल कन्सोल.

तिचे मोजमाप आरएस-२३२ या नावाने १९६० साली अमेरिकेत ठरले. अक्षराचे अंश, म्हणजे बिट, एकाच तारेवरून एकामागून एक जातात. प्रत्येक अक्षरापुढे आरंभाची आणि मागे समाप्तीची खूण. उणे ३ ते १५ व्होल्ट म्हणजे एक, अधिक ३ ते १५ म्हणजे शून्य. सेकंदाला ९६०० अंशांची ही चाल आज गोगलगाईची वाटेल. परंतु तिला जाळे लागत नाही, पत्ता लागत नाही, यंत्राला स्वतःचा चित्रपडदाही लागत नाही. म्हणूनच राउटरची मुख्य प्रणाली कोसळली तरी तिच्याआधी जागा होणारा छोटा कार्यक्रम या तारेवर बोलत राहतो, हरवलेल्या परवलीच्या शब्दावर तोडगा देतो, आणि मरणोन्मुख लिनक्स प्रणालीचे शेवटचे शब्दही याच वाटेने बाहेर येतात. आपल्याकडील तारसेवा जुलै २०१३मध्ये संपली, पण तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या टेलिटाइप यंत्राचे ‘टीटीवाय’ हे नाव लिनक्सच्या पोटात अद्याप नांदते आहे.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे जाळे स्वतःच्याच चुकीच्या आज्ञेने जगापासून तुटले, पर्यायी वाटही त्याच वेळी निकामी ठरली, आणि अभियंत्यांना यंत्रांपाशी प्रत्यक्ष जावे लागले. सुमारे सहा तास तो कारभार ठप्प होता. दिंडी असणे पुरेसे नव्हे, तिची वाट महादरवाजाच्या वाटेहून निराळी असावी लागते. आणि जो तिथवर पोहोचला तो बहुधा घरधनीच होत असल्याने तिच्यावर पहाराही हवा.

तेव्हा कचेरीच्या कपाटात कन्सोलला जोडायची चपटी तार जपून ठेवावी आणि तिला वेगाचा आकडा लिहिलेली चिठ्ठी बांधावी. कारण वेग चुकला की पडद्यावर जे उमटते त्यापुढे जुन्या दप्तरातील मोडी सुवाच्य वाटावी, आणि मोडी वाचणारा निदान शोधून सापडतो.