डोळे विमानात, पाय जमिनीवर

पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन फूट. वजन किलोच्या आसपास. शेपूट नाही, चाकं नाहीत. ईपीपी नावाच्या लवचीक फोमचा एक त्रिकोणी पंख, मागच्या कडेला मोटर आणि विमानाला पुढे ढकलणारा प्रोपेलर, आणि नाकावर बोटाच्या पेराएवढा कॅमेरा. हे विमान उडवणारा माणूस आकाशाकडे बघतच नाही. तो मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसलेला असतो. हातात ट्रान्समीटर, डोळ्यांवर गॉगल आणि त्या गॉगलमधल्या दोन छोट्या पडद्यांवर विमानाच्या नाकासमोरचं जग. या प्रकाराला 'फर्स्ट पर्सन व्ह्यू' म्हणतात. मैदानावर सगळे नुसतं एफपीव्ही म्हणतात.

बघणाऱ्याला हा महागडा खेळ वाटतो. माझ्या मते ही विमान उडवण्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, रेडिओची विद्या आहे. हवेतल्या विमानाशी पायलटचा संबंध दोन लहरींपुरता उरतो. एक लहर त्याचा हुकूम वर नेते, दुसरी चित्र खाली आणते. त्या कुठवर साथ देतील हे ओळखून वेळेत मागे फिरणं, हे इथलं खरं कसब.

डोळ्यांची मर्यादा

साधं रेडिओ-नियंत्रित म्हणजे आरसी विमान जमिनीवरून, उघड्या डोळ्यांनी बघत उडवतात. त्यात दोन अडचणी पहिल्या दिवसापासून छळतात. विमान दूर गेलं की ठिपक्याएवढं होतं आणि ते येतंय की जातंय, डावीकडे कललंय की उजवीकडे, हेच कळेनासं होतं. दुसरी अडचण म्हणजे विमान आपल्या दिशेने येऊ लागलं की डावं-उजवं उलटतं. नवशिक्यांची कितीतरी विमानं याच गोंधळात जमिनीवर आदळतात. कॅमेऱ्याने या दोन्ही अडचणी एका झटक्यात मिटवल्या. पायलटची नजरच विमानात बसली, तेव्हा डावं ते डावं आणि उजवं ते उजवं.

मात्र त्या नजरेचा प्रवास युद्धातून झाला आहे. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रेडिओवर चालणारी होडी दाखवली. वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये अमेरिकेतल्या कॅलमझू इथे 'गफ' नावाचं रेडिओ नियंत्रित मॉडेल विमान उडवलं; ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. या सगळ्यात डोळा जमिनीवरच होता. तो विमानात बसवण्याची कल्पना टेलिव्हिजनच्या जनकांपैकी एक असलेल्या व्लादिमिर झ्वोरिकिन यांनी १९३४ मध्ये कागदावर मांडली होती: विद्युत डोळा असलेला उडता टॉर्पेडो. दहा वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकी नौदलाने ती खरी करून दाखवली. इंटरस्टेट टीडीआर-१ या दोन इंजिनांच्या, बिनवैमानिकाच्या विमानाच्या नाकात आरसीए कंपनीचा टीव्ही कॅमेरा होता. त्यामागून दुसऱ्या विमानात बसलेला माणूस पडद्यावर चित्र बघत त्याला लक्ष्यावर नेत असे. सप्टेंबर-ऑक्टोबर १९४४ मध्ये बोगनविल बेट आणि रबाऊलच्या परिसरात जपानी ठाण्यांवर ही विमानं वापरली गेली. त्यातलं एक आज पेन्साकोला इथल्या नौदल संग्रहालयात उभं आहे.

ही युक्ती हौशी माणसाच्या हातात यायला पुढची साठेक वर्षं लागली, आणि त्याचं मुख्य कारण वजन. निर्वात नळीवर चालणारा टीव्ही कॅमेरा मॉडेल विमानाला पेलणं शक्यच नव्हतं. पाळत ठेवण्याच्या कॅमेऱ्यांसाठी बनलेले चिमुकले सेन्सर स्वस्त झाले, जड निकेल-कॅडमियम बॅटरीच्या जागी लिथियम पॉलिमर म्हणजे लायपो आली, ब्रशलेस मोटरी आल्या. या तिन्ही गोष्टी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हौशी लोकांच्या टेबलावर एकत्र आल्या आणि फोमच्या विमानाला डोळा फुटला.

लहरींचं गणित

चित्र खाली पाठवणारा व्हिडिओ ट्रान्समीटर दोन बोटांवर मावतो. बहुतेक जण तो ५.८ गिगाहर्ट्झवर चालवतात. या लहरीची लांबी जेमतेम ५.२ सेंटिमीटर, त्यामुळे अँटेना अगदी छोटा पुरतो. पण लहर जितकी आखूड, तितकी ती अडथळ्यांना बिचकते. मध्ये एक डेरेदार आंबा आला तरी चित्र ढासळतं. १.३ गिगाहर्ट्झची लहर सुमारे २३ सेंटिमीटरची. ती झाडापानांतून बरी वाट काढते, पण तिची दोन दुखणी आहेत. तिच्या दुपटीच्या आसपास २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा येतो आणि तिथेच बहुतेकांचं विमानाचं नियंत्रण चालतं. शिवाय जीपीएसचा संदेश १.५७५ गिगाहर्ट्झवर येतो. तो इतका क्षीण असतो की शेजारी धडधडणारा ट्रान्समीटर त्याला सहज दडपून टाकतो. तीन फुटांच्या पंखात बोलणारा रेडिओ आणि ऐकणारे रेडिओ एकत्र नांदवायचे असतात. म्हणून अनुभवी माणूस व्हिडिओ ट्रान्समीटर एका टोकाला आणि नियंत्रणाचा रिसीव्हर दुसऱ्या टोकाला बसवतो. विमान बांधतानाचं अर्धं डोकं या मांडणीतच खर्च होतं.

अंतराचा हिशोब त्याहून कठोर. अंतर दुप्पट करायचं तर ताकद चौपट लागते. २५ मिलीवॅटवर एक किलोमीटर मिळत असेल, तर दोन किलोमीटरला १०० हवेत आणि चारला ४००. म्हणून जाणकार ताकद वाढवण्याआधी अँटेना सुधारतो. साध्या सरळ काडीच्या अँटेनाची लहर एकाच पातळीत हलते. विमान वळणासाठी कललं की अँटेनाही कलतो आणि जमिनीवरच्या अँटेनाशी त्याचं जुळेनासं होतं. त्यावरचा उपाय म्हणजे तीन-चार तारांच्या पाकळ्यांचा क्लोव्हरलीफ अँटेना. त्यातून निघणारी लहर गोल फिरत पुढे जाते, त्यामुळे विमान कसंही कललं तरी फारसं बिघडत नाही. दुसरा फायदा आणखी मोठा. जमिनीवर किंवा पत्र्याच्या शेडवर आपटून आलेल्या लहरीची फिरण्याची दिशा उलटते आणि उजव्या फिरकीचा अँटेना ती डावी फिरकी बरीचशी बाजूला सारतो. सरळ आलेली आणि आपटून आलेली लहर एकमेकींना मारतात तेव्हाच तर चित्र फाटतं. चार तारा वाकवून केलेल्या या सुधारणेने जेवढं साधलं, तेवढं ताकद चौपट करूनही साधलं नसतं.

दूरदर्शनच्या काळात गच्चीवर अँटेना फिरवणाऱ्या पिढीला पुढचं लगेच समजेल. अॅनालॉग चित्र एकदम जात नाही. आधी कडेला चार मुंग्या दिसतात, मग रंग उडतो, मग पट्टे येतात आणि त्यानंतर कुठे अंधार होतो. मुंग्या म्हणजे इशारा: आता वळ. डिजिटल पद्धतीचं चित्र फार देखणं असतं. डीजेआय या कंपनीने २०१९ मध्ये गॉगलसह आणलेल्या प्रणालीपासून झाडाचं पान न् पान दिसू लागलं. मात्र डिजिटल चित्र बराच वेळ छान राहतं आणि मग अचानक चौकोनांत गोठतं. म्हणून त्यावर उडवणाऱ्याला चित्रापेक्षा कोपऱ्यातल्या सिग्नलच्या आकड्याकडे लक्ष द्यावं लागतं. उशीर हाही मुद्दा आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाचं विमान सेकंदाला २० मीटर कापतं. चित्र एक दशांश सेकंद उशिरा आलं तर पायलटला दिसणारं झाड प्रत्यक्षात दोन मीटर जवळ आलेलं असतं. म्हणून २८ मिलिसेकंदांचा उशीर ही जाहिरातीत मिरवण्यासारखी गोष्ट ठरली.

उड्डाण

चांगल्या पायलटची पारख विमान हातातून सुटण्याआधीच होते. तो आधी ट्रान्समीटर चालू करतो, मग विमानाची बॅटरी जोडतो. मागच्या कडेच्या दोन हलत्या फळ्या, म्हणजे एलेव्हॉन, हलवून बघतो: ट्रान्समीटरची काठी मागे ओढली की दोन्ही वर, उजवीकडे ढकलली की उजवी वर आणि डावी खाली. मग विमान घट्ट धरायला लावून ट्रान्समीटर मुद्दाम बंद करतो. मोटर तत्क्षणी थांबली पाहिजे. याला फेलसेफ म्हणतात आणि ही चाचणी टाळणाऱ्याला मी तरी पायलट म्हणणार नाही. विमानात आयनॅव्ह किंवा आर्डुपायलटसारखी स्वयंचलित उड्डाणाची प्रणाली असेल, तर संपर्क तुटल्यावर ते जीपीएसच्या आधाराने उड्डाणाच्या जागेकडे स्वतःहून परततं. त्यासाठी जागेची नोंद पक्की झाल्याशिवाय फेकायचं नाही. सगळ्यात शेवटी ताकद कमी करून रेंज टेस्ट, म्हणजे संपर्क किती अंतरापर्यंत टिकतो याची चाचणी.

मग सोबती विमान डोक्यावर धरून वाऱ्याच्या समोर फेकतो. प्रोपेलर मागे असल्यामुळे हात बाहेर पडल्याशिवाय थ्रॉटल द्यायचा नाही. क्षणभर विमान खाली बसतं, मोटर जोर धरते आणि गॉगलमध्ये जमीन खाली जाऊ लागते. चित्रावर आकडे उमटलेले असतात: बॅटरीचे व्होल्ट, उंची, अंतर, वेग आणि घराकडे दाखवणारा एक बाण. तीन सेलच्या लायपोचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टने सुरुवात करतो. तो ३.५ च्या आसपास आला की उतरायची तयारी. ३ च्या खाली नेला तर बॅटरी कायमची खराब होते.

नवखा माणूस इथे वाऱ्याच्या हिशोबात फसतो. विमानाचा वेग ताशी ६० आणि वारा ताशी २० किलोमीटर असेल, तर वाऱ्यासोबत जाताना ताशी ८० मिळतात आणि परतताना ४०. जायला एक मिनिट लागलं तर यायला दोन. अर्धी बॅटरी उरली असताना वळणारा माणूस घरी पोचत नाही. म्हणून नियम असा, की आधी वाऱ्याच्या विरुद्ध जायचं आणि वाऱ्यासोबत परत यायचं.

शेजारी उभा असलेला माणूस

गॉगल लावलेल्या पायलटला समोरचा रुंद पट्टा दिसतो. मागचं, वरचं काही दिसत नाही. मागून झेपावणारी घार किंवा बाजूने येणारं हेलिकॉप्टर त्याला कळणार नाही. म्हणून शेजारी उघड्या डोळ्यांचा स्पॉटर हवाच. त्याने विमान नजरेआड होऊ द्यायचं नाही आणि तो 'वळ' म्हणाला की पायलटने वाद न घालता वळायचं.

या जबाबदारीवर अमेरिकेत मोठा खटला झाला. राफाएल पिर्कर या युरोपातल्या प्रसिद्ध पायलटने २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या परिसरात कॅमेरा लावलेला फोमचा पंख व्यावसायिक चित्रीकरणासाठी उडवला. तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने बेपर्वाईचा ठपका ठेवून १०,००० डॉलरचा दंड ठोठावला. मार्च २०१४ मध्ये न्यायाधीशांनी मॉडेल विमानाला तो नियम लागू नाही म्हणत दंड रद्द केला. नोव्हेंबरमध्ये वरच्या मंडळाने निकाल फिरवला: हवेत उडण्यासाठी बनवलेलं कोणतंही साधन विमानच. जानेवारी २०१५ मध्ये गुन्हा कबूल न करता १,१०० डॉलरवर तडजोड झाली. रक्कम किरकोळ, पण तेव्हापासून 'हे तर खेळणं' ही सबब कायमची संपली. मला तो निकाल योग्य वाटतो. किलोभराची वस्तू ताशी ७० किलोमीटर वेगाने डोक्यात बसली तर तिला खेळणं म्हणून काय उपयोग?

आपल्याकडे ऑगस्ट २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल अशी वजनावर वर्गवारी आहे. नकाशावर हिरवे, पिवळे आणि लाल विभाग आहेत. हिरव्या विभागात उंचीची मर्यादा ४०० फूट. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फूट. पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचाही तळ आहे, आणि मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोन, रिमोटवर चालणारी हलकी विमानं आणि पॅराग्लायडर यांवर मनाई आदेश काढतात. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांना मुभा आहे. त्यामुळे इथला हौशी माणूस सोल्डरिंग आयर्न हातात धरूनच या छंदात शिरतो, आणि ते चांगलंच आहे. स्वतः जोडलेलं विमान का पडलं हे त्याला कळतं.

या हौसेतून काय उभं राहू शकतं याचं उदाहरण मराठी प्रेक्षकांनी नकळत पाहिलं आहे. 'थ्री इडियट्स' (२००९) चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीबाहेर तरंगणारं कॅमेऱ्याचं यंत्र आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी स्थापलेल्या आयडियाफोर्जचं होतं. ही कंपनी आज सुरक्षा दलांना ड्रोन पुरवते. दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. युक्रेनच्या युद्धात हेच गॉगल आणि हेच ट्रान्समीटर स्फोटकं वाहणाऱ्या ड्रोनसाठी रोज वापरले जात आहेत. १९४४ मध्ये युद्धातून निघालेली युक्ती हौशी लोकांनी स्वस्त आणि सोपी केली, आणि ती पुन्हा युद्धात गेली. त्यामुळे मैदानावर जबाबदारीने उडवणाऱ्या प्रत्येकावर या विद्येची अब्रू राखण्याचं ओझं आहे.

ज्याला शिकायचं आहे त्याने घाई करू नये. आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर हात बसवावा. मग कॅमेऱ्याशिवायचं साधं शिकाऊ विमान उघड्या डोळ्यांनी उडवून, येताना-जाताना न गोंधळता उतरवता आलं पाहिजे. त्यानंतर सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा विभागांचा नकाशा बघावा, नोंदणीचे नियम वाचावेत, वस्तीपासून दूरची जागा आणि तिच्या मालकाची परवानगी मिळवावी. आणि स्पॉटर म्हणून उभा राहणारा भरवशाचा सोबती मिळत नसेल, तर त्या दिवशी गॉगल पेटीतच ठेवावा.