रुग्णालय व्यवस्थापकांचे परदेशी अभ्यासदौरे: खर्च कसा तपासावा?

सरकारी खर्चाने रुग्णालयांचे अधिकारी परदेशी अभ्यासदौऱ्यावर गेले, की चर्चा एकाच गोष्टीची होते: किती लाख गेले? आपले नियमही मुख्यतः तेवढेच विचारतात. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१४ च्या काटकसर आदेशाने पहिल्या वर्गाचा विमानप्रवास बंद केला आणि शिष्टमंडळे लहान ठेवायला सांगितली. केंद्र सरकारमधील मंत्री आणि सहसचिव व त्यावरील अधिकारी यांच्या परदेश दौऱ्यांची माहिती २०१२ पासून माहितीच्या अधिकाराखाली, कोणी न मागता जाहीर करायची असते. ठिकाण, कालावधी, माणसे, एकूण खर्च असे त्यातले रकाने. परत आल्यावर काय बदलले, हा रकाना नाही. तो कसा भरता येईल, हे या टिपणात पाहू.

मी औद्योगिक अभियांत्रिकी शिकवते, म्हणून उदाहरणही त्यातलेच घेते. अमेरिकेत सिएटल येथील व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाचे वरिष्ठ अधिकारी २००२ मध्ये जपानला गेले. त्यांनी तिथे पाहिले ते कारखाने. टोयोटाच्या उत्पादन पद्धतीत दोष दिसताच साधा कामगारही लाइन थांबवू शकतो. रुग्णाला धोका दिसला तर कोणत्याही कर्मचाऱ्याने काम थांबवावे, अशी व्यवस्था त्यांनी परत येऊन सुरू केली. तरीही २००४ मध्ये तिथे एका रुग्णाला तपासणीच्या द्रवाऐवजी जंतुनाशक टोचले गेले आणि तिचा मृत्यू झाला. दोन्ही द्रव रंगहीन, भांड्यांवर चिठ्ठी नाही. रुग्णालयाने चूक उघडपणे मान्य केली आणि रुग्णसुरक्षा हेच मुख्य उद्दिष्ट ठरवले. म्हणजे दौऱ्यातून कल्पना मिळाली, पण ती कामात मुरायला पुढची वर्षे लागली.

हे खासगी रुग्णालय होते. जनतेच्या पैशाचा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. जुलै २०१५ मध्ये ब्रिटिश सरकारने तिथल्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील पाच ट्रस्टना व्हर्जिनिया मेसनकडून शिकण्यासाठी पाच वर्षांचा, १.२५ कोटी पौंडांचा कार्यक्रम जाहीर केला. गुरू एकच, निधी एकाच योजनेतून. त्यांपैकी सरे अँड ससेक्स ट्रस्टला २०१९ मध्ये तपासणी संस्थेने ‘उत्कृष्ट’ दर्जा दिला, तर श्रूसबरी अँड टेलफर्ड ट्रस्टवर २०१८ मध्ये विशेष देखरेख बसली. दोन्हींचे कारण हा कार्यक्रमच, असे कुणी म्हणू नये. पण केवळ खर्चाचा आकडा पाहून हा फरक कळला असता का?

शिकायला नेहमी विमान लागतेच असेही नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये लायको ही प्रशिक्षण संस्था काढली. तिथली माणसे आधी तुमच्या रुग्णालयात येऊन अडचणी समजून घेतात. मग तुमचे डॉक्टर व व्यवस्थापक एकत्र मदुराईला जातात, आणि नंतर पाठपुरावा होतो. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आमच्या कॉलेजातल्या औद्योगिक भेटींच्या अहवालांत सगळ्यात जास्त पाने फोटोंची असतात, कारण निघताना कुणी प्रश्नच घेतलेला नसतो.

समजा, एका जिल्हा रुग्णालयाचे व्यवस्थापक ओपीडीतली गर्दी कमी कशी करावी हे शिकायला जाणार आहेत. निघण्यापूर्वी आठवडाभर मोजावे: केसपेपरच्या रांगेत उभे राहिल्यापासून औषध हाती पडेपर्यंत किती मिनिटे लागतात? हाच आकडा परतल्यावर तीन महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने घ्यावा, कारण तीन महिन्यांपर्यंत नवा उत्साह टिकतो. शेजारच्या, कुणीही दौऱ्यावर न गेलेल्या रुग्णालयातही त्याच आठवड्यांत मोजावे. तिथली रांगही तेवढीच कमी झाली असेल, तर श्रेय दौऱ्याचे नसून नव्या संगणकाचे किंवा वाढवलेल्या खिडकीचे असू शकते. मोजणीला दोन विद्यार्थी आणि एक घड्याळ पुरते.