दोषी किती, शिक्षा किती? सरकारी आकडे कसे वाचावेत

आपल्या शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘व्यसनाधीनता’ आणि ‘रस्ता सुरक्षा’ हे दोन विषय हमखास असतात. विद्यार्थी वर्तमानपत्रांतून आकडे टिपून आणतात, ते खणखणीत आवाजात म्हणून दाखवतात आणि टाळ्याही मिळवतात. परंतु ‘इतके गुन्हे दाखल झाले’, ‘इतक्या टक्क्यांना शिक्षा झाली’ या वाक्यांचा नेमका अर्थ काय, असे विचारले की वक्ता गप्प होतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, कारण हे आकडे कसे वाचायचे ते आपण मोठ्यांनीही कधी नीट पाहिलेले नसते. म्हणून या अंकात आम्ही अमली पदार्थ आणि वाहन चालवण्याचे गुन्हे यांच्या आकड्यांची थोडी उकल करीत आहोत. शेवटी एक गोष्ट अशी येईल की तिचा संबंध थेट आपल्या घरातील स्कूटरच्या किल्लीशी आहे.

आकडे येतात कोठून?

देशभरातील पोलीस ठाण्यांत नोंदलेल्या गुन्ह्यांची बेरीज ‘राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरो’ करते. ही संस्था १९८६ साली स्थापन झाली. तिचा ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल मात्र त्याहून जुना असून तो १९५३ सालापासूनचा आहे. तुरुंगांतील कैद्यांचा हिशेब याच संस्थेच्या ‘प्रिझन स्टॅटिस्टिक्स इंडिया’ या दुसऱ्या अहवालात असतो. रस्ते अपघातांचा अहवाल केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय वेगळा काढते. म्हणजे एकाच विषयासाठी तीन पुस्तके उघडावी लागतात आणि तिन्हींची मोजण्याची रीत निराळी असते.

एक नियम प्रथम लक्षात ठेवावा. एका फिर्यादीत अनेक गुन्हे असले तर गुन्हे नोंद ब्यूरो त्यांतला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजते. समजा, कोणी दारू पिऊन गाडी चालवली आणि त्यात एक पादचारी दगावला. ही घटना ‘निष्काळजीपणाने मृत्यू’ या रकान्यात जाईल, दारू पिऊन वाहन चालवण्याच्या रकान्यात ती दिसणार नाही. त्या रकान्यातील आकडा लहान दिसला म्हणून धोका लहान आहे, असे समजू नये.

नोंदलेले गुन्हे आणि घडलेले गुन्हे

अमली पदार्थांच्या कायद्याखाली, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली, २०२२ साली देशात १,१५,२३६ गुन्हे नोंदले गेले. त्यांत केरळ २६,६१९, महाराष्ट्र १३,८३० आणि पंजाब १२,४४२ असे पहिले तीन क्रमांक होते. मग केरळात पंजाबच्या दुप्पट नशा चालते काय?

तसे म्हणता येत नाही. चोरी झाली तर ज्याचे सामान गेले तो तक्रार करतो. अमली पदार्थाच्या गुन्ह्यात विकणारा तक्रार करीत नाही आणि घेणाराही करीत नाही. पोलिसांनी झडती घेतली, तपासणी मोहीम काढली तरच गुन्हा कागदावर येतो. म्हणून या आकड्यात नशेचे प्रमाण आणि पोलिसांची हालचाल ही दोन्ही मिसळलेली असतात. शिवाय दोन ग्रॅम सापडलेला मुलगा आणि दोन क्विंटल सापडलेला ट्रक, दोघेही बेरजेत एकेकच धरले जातात.

नशेचा प्रत्यक्ष फैलाव जाणायचा तर घरोघरीची पाहणी लागते. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी अशी पाहणी केली, ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेत होते, सुमारे ३ कोटी १० लाख लोक भांग-गांजासारखे पदार्थ आणि सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गीय पदार्थ. लाखभर गुन्ह्यांचा आकडा याच्या शेजारी ठेवला म्हणजे दोहोंतले अंतर कळते.

‘दोषसिद्धीचे प्रमाण’ म्हणजे काय?

विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी गल्लत येथे होते. दोषसिद्धीचे प्रमाण ७५ टक्के म्हटले की त्यांना वाटते, शंभर गुन्ह्यांपैकी ७५ जणांना शिक्षा झाली. ते तसे नाही. त्या वर्षी जितक्या खटल्यांचा निकाल लागला, त्यांपैकी किती खटल्यांत आरोपी दोषी ठरला, एवढेच हे प्रमाण सांगते.

उदाहरण घेऊ. समजा, न्यायालयासमोर १०० खटले आहेत. वर्षभरात २० निकाली निघाले आणि त्यांतील १५ मध्ये दोष सिद्ध झाला. प्रमाण झाले ७५ टक्के. उरलेले ८० खटले या हिशेबात आलेच नाहीत, ते पुढच्या वर्षी गेले.

२०२२ साली भारतीय दंड संहितेखालील सर्व गुन्ह्यांत हे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते. अमली पदार्थांच्या खटल्यांत ते याहून बरेच वर, चारांत तीनच्या घरात असते. याचे एक कारण असे की पदार्थ जवळ सापडणे हाच मुख्य पुरावा असतो, आणि तो जाणूनबुजून बाळगला नव्हता हे दाखवण्याचा भार कायद्याने बराचसा आरोपीवर टाकला आहे. दुसरे कारण, अल्प प्रमाणाच्या प्रकरणात पुष्कळ जण गुन्हा कबूल करून दंड भरतात आणि मोकळे होतात. तीही दोषसिद्धीच असते. पुढे सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात किंवा परदेशाच्या व्हिसा अर्जात ‘कधी अटक, खटला, शिक्षा झाली आहे काय?’ असा रकाना येतो, तेव्हा ‘दंड भरला, संपले’ हे खरे नव्हते ते कळते.

तुरुंगाचा आकडाही असाच फसवतो. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागायचा होता. तुरुंगात असलेल्या दर चार माणसांपैकी तिघांना न्यायालयाने दोषी ठरवलेले नव्हते. अमली पदार्थाचे प्रमाण मोठे असेल तर जामिनाच्या अटी इतक्या कडक आहेत की निकालापूर्वीच वर्षे जातात.

शिक्षा वजनावर ठरते

२००१ च्या दुरुस्तीपासून एनडीपीएस कायद्यातील शिक्षा पदार्थाच्या वजनावर ठरते. गांजा १ किलोपर्यंत ‘अल्प’ आणि २० किलोपासून ‘व्यापारी’ प्रमाण मानला जातो. चरस १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉइन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम अशा सीमा आहेत. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षे, कमाल वीस वर्षे.

वजन कशाचे धरायचे, हाही वादाचा मुद्दा होता. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पुडीतील भेसळीसकट एकूण वजन धरायचे. चार ग्रॅम हेरॉइनमध्ये कोणी दहा ग्रॅम दुसरी पूड मिसळली, तर ते चौदा ग्रॅम झाले आणि अल्प प्रमाणाची सीमा ओलांडली गेली. ‘थोडेसेच होते’ म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

याच कायद्यात एक दिलासाही आहे. व्यसनात अडकलेल्या माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि तो स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेईल, तर कलम ६४ अ प्रमाणे त्याला त्या खटल्यापासून संरक्षण मिळते. व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६ ही सरकारी निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. लाजेखातर गोष्ट दडवून ठेवण्यापेक्षा हा नंबर फिरवणे बरे.

रस्त्यावरचे गुन्हे

२०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली. म्हणजे दर तासाला सुमारे १९. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती.

इतके मृत्यू होऊनही शिक्षा बरीच सौम्य होती. जुन्या दंड संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कमाल दोन वर्षे कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत वाढली. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे उपकलमही त्यात आहे, पण ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर संहिता लागू करताना ते उपकलम बाजूला ठेवण्यात आले.

दारूसाठी कायद्याने माप दिले आहे. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य सापडले की पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या खेपेस दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. अमली पदार्थांसाठी मात्र असे माप नाही. चालकाला गाडीवर ताबा ठेवता येत नव्हता, हे दाखवावे लागते.

अठरा वर्षांखालील मुले कोणत्या रकान्यात?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. दोषसिद्धीच्या आकड्यांत अठरा वर्षांखालील मुले जवळजवळ नसतातच. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार त्यांचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते. दिल्लीत २०१६ साली अठरा पूर्ण व्हायला चार दिवस कमी असलेल्या मुलाच्या मोटारीखाली एक माणूस गेला. त्या प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा नाही, तो ‘अतिगंभीर’ धरून मुलावर प्रौढासारखा खटला चालवता येणार नाही. पुण्यात १९ मे २०२४ रोजी अल्पवयीन मुलाच्या मोटारीने दोघांचा बळी घेतला. तेव्हा तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाल्याची बातमी देशभर गाजली. त्या मुलाच्या वडिलांना मात्र अटक झाली.

ती अटक अनेकांना नवलाची वाटली. पण १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेले मोटार वाहन कायद्याचे कलम १९९ अ सरळ सांगते की अल्पवयीन मुलाने वाहनाचा गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जाईल. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. ‘मला माहीत नव्हते’ किंवा ‘मी पुरेशी काळजी घेतली होती’ हे पालकाने स्वतः सिद्ध करायचे आहे. किल्ली रोज दाराजवळच्या खिळ्यावर टांगलेली असेल तर ते सिद्ध करणे सोपे नाही.

सोळा वर्षांच्या मुलाला परवाना मिळतो, असेही काही पालक सांगतात. तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीसाठी असतो. आपल्या घरांतील स्कूटर सर्रास १०० सीसीच्या वरच्या आहेत.

अमली पदार्थांच्या बाबतीतही एक गोष्ट मुलांना सांगून ठेवावी. ‘हे पाकीट कोपऱ्यावरच्या दादाला दे’ असे मुलाला सांगणारा प्रौढ बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत कैदेस पात्र आहे. मुलाने नकार द्यावा आणि घरी येऊन सांगावे. सांगितल्याबद्दल त्याला आपण रागावणार नाही, एवढा विश्वास त्याला हवा.

आमची विनंती

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या स्पर्धेत आकडा सांगाल तेव्हा त्याचे वर्ष सांगा, अहवालाचे नाव सांगा आणि टक्केवारी कशातली आहे तेही सांगा. आणि बारावीत बसलेल्यांनो, अठराव्या वाढदिवशी बाल न्याय कायद्याचे छत्र संपते, हे विसरू नका.

पालकांनो, शाळेच्या फाटकात परवान्याशिवाय गाडी घेत नाहीत म्हणून मुले ती मागच्या गल्लीत लावतात आणि चालत आत येतात, हे आपल्यालाही ठाऊक आहे. क्लासला उशीर होतो, बस वेळेवर येत नाही, या अडचणी खऱ्या आहेत. विश्वस्त मंडळाने सायकल-स्टँड वाढवणे आणि लांबच्या वस्त्यांसाठी सामायिक रिक्षा किंवा व्हॅनची सोय करणे यावर पुढील पालक सभेत विचार करावा, असे आम्ही सुचवतो. तोपर्यंत किल्ली खिळ्यावर न ठेवता कपाटात ठेवावी.